पहिलं उत्तर तुम्ही देऊ नका

*ताईंना सप्रेम नमस्कार,*

*मी कोल्हापूरचा. एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात नोकरीला आहे, वय ४७. पायथन ही संगणकाची भाषा शिकणाऱ्या मराठी मुलांचा आमचा एक समूह आहे, आधी व्हॉट्सॲपवर होता, आता टेलिग्रामवर आहे. गेली ९ वर्षं रोज रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास तिथे बसतो आणि अडलेल्यांना उत्तरं देतो. पैशाचा संबंध नाही. आवड म्हणून.*

*मागच्या महिन्यात एका मुलाने लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलेलं, 'सर पायथन चालत नाही अर्जंट हेल्प करा'. त्याच दिवशी त्याच्याआधी तिघांनी तेच विचारलं होतं. मी लिहिलं, 'आधी प्रश्न कसा विचारायचा ते शिका. वर जाऊन वाचायचे कष्ट तरी घ्या.' चार-पाच जणांनी खाली हसण्याच्या खुणा टाकल्या. दहा मिनिटांत त्या मुलाने आपला प्रश्न पुसला आणि समूह सोडला. फोटो माझ्या मोबाइलमध्ये उतरला होता. रात्री मोठा करून पाहिला, तर पाथ, म्हणजे पायथन कुठे ठेवलंय ते संगणकाला सांगणारी नोंद, लावायचं राहिलं होतं. दोन मिनिटांचं काम. त्याच्या गावचा एक जण समूहात आहे, तो म्हणाला की हा जत तालुक्यातला, बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि चुलतभावाचा लॅपटॉप दोन दिवसांसाठी मागून आणला होता.*

*मी चुकलो हे कळतंय. पण ताई, रोज तेच ते प्रश्न, तेच फोटो, तेच अर्जंट. उत्तर मिळालं की माणूस गायब. बायको म्हणते सोडून द्या आता. सोडू का? की या मुलांनाच शिस्त लावायला हवी?*

*— एक थकलेला स्वयंसेवक*

सप्रेम नमस्कार.

रोज एकच तास धरला तरी ९ वर्षांचे तीन हजारांहून जास्त तास होतात. इतका वेळ अनोळखी मुलांसाठी दिलेला माणूस एका रात्री तिरकं बोलला, म्हणून तो वाईट ठरत नाही. पण त्या रात्री जे झालं ते तसंच सोडून पुढे जाऊ नये असंही मला मनापासून वाटतं. म्हणून आधी त्या मुलाचं बघू, मग तुमचं.

त्याच्या गावच्या मुलाकडून निरोप पाठवा. मोठा नको. तुम्ही का चिडलात, दिवसभर बँकेत काय झालं होतं, आधी तिघांनी काय विचारलं होतं, यातलं काहीही त्यात घालू नका, कारण ते वाचून त्याला पुन्हा आपलीच चूक होती असं वाटेल. एवढं पुरे: 'त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तुझा प्रश्न बरोबर होता. आधीचं पायथन काढून टाक आणि पुन्हा इन्स्टॉल कर. पहिल्याच खिडकीत तळाशी पाथची एक चौकट आहे, ती टिक कर आणि मगच पुढे जा. झाल्यावर कमांड प्रॉम्प्टची जुनी खिडकी बंद करून नवी उघड. अडलं तर समूहात विचार, मी आहे.' आणि हीच माफी दोन ओळींत समूहातही लिहा. ज्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या त्यांनी ती वाचायला हवी, आणि जे गप्प बसून बघत होते त्यांनी तर नक्कीच. त्या रात्री एक मुलगा गेला तो तुम्हाला दिसला. त्याच्यासारखाच प्रश्न मनात असलेले आणखी किती जण तो प्रसंग बघून गप्प राहिले, ते मोजायला काही साधन नाही.

आता त्या फोटोचं. तिरका फोटो बघून तुम्हा-आम्हा जुन्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, कारण त्यातला मजकूर शोधता येत नाही, उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. पण तो फोटो का येतो याचा जरा त्याच्या बाजूने विचार करा. टेलिग्राम त्याच्या मोबाइलवर आहे, अडचण लॅपटॉपवर आहे, आणि तो लॅपटॉप परका आहे. त्यावर आपलं खातं उघडावं का, हाच त्याला प्रश्न. शिवाय कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतला मजकूर उचलणं हे एक वेगळं कौशल्य आहे. विंडोज १० येईपर्यंत त्या खिडकीत कंट्रोल-सी दाबून कॉपी होतच नसे, उजवी कळ दाबून 'मार्क' निवडावं लागे. आजही काही निवडलेलं नसताना कंट्रोल-सी दाबलं तर चालू प्रोग्राम बंद पडतो. हे तुम्हाला-मला इतकं अंगवळणी पडलंय की ते कधी शिकलो होतो हेही आठवत नाही. आपण त्याला सांगतो, 'एरर कॉपी करून टाक'. त्या चार शब्दांत त्याला न येणाऱ्या दोन-तीन गोष्टी दडलेल्या असतात.

आणि तो इंग्रजीचा ढीग. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलासमोर वीस ओळींचा एरर येतो तेव्हा तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतो, कारण आपल्याला वाचायला तसंच शिकवलंय. पायथन मात्र खरी गोष्ट शेवटच्या ओळीत सांगतं. 'सगळ्यात खालची ओळ आधी वाच, तीत नेमकी कुठली चूक झाली ते लिहिलेलं असतं', हे एक वाक्य ज्याला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं, त्याचे निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटतात. तुमच्या समूहात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला हे वाक्य कोणी सांगतं का?

तेच ते प्रश्न येतात, ही तुमची सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. मी मात्र तिच्याकडे उलटीकडून बघते. एकाच उंबऱ्याला रोज चार जण ठेचकाळत असतील तर उंबरा तपासायला हवा. खुद्द पायथनमध्ये याचं सुंदर उदाहरण आहे. कंस उघडला आणि बंद करायचा राहिला, तर जुनं पायथन बहुतेक वेळा पुढच्याच ओळीकडे बोट दाखवून 'सिंटॅक्स (वाक्यरचना) चुकला' एवढंच म्हणायचं. नवा माणूस त्या निर्दोष ओळीकडे तासभर बघत बसायचा. वर्षानुवर्षं जगभरच्या जाणत्यांनी हा प्रश्न हजारो वेळा सोडवून दिला. मग २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ३.१० ही आवृत्ती आली आणि तिच्यात पायथनच सांगू लागलं की हा अमुक कंस बंदच केलेला नाही. कोलन (:) विसरलात तर इथे कोलन हवा होता, नाव चुकलं तर तुम्हाला हे नाव म्हणायचं होतं का, असं विचारू लागलं. पाब्लो गलिंदो साल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं. ते पायथनच्या गाभ्यात काम करणारे लोक, त्यांना कंस विसरणाऱ्या मुलाशी काय देणंघेणं होतं? पण त्यांनी त्या मुलाचा प्रश्न ही पायथनची उणीव मानली. एका अर्थी त्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर कायमचं देऊन टाकलं.

तुम्हाला पायथन बदलायचं नाही. तुमच्या समूहाच्या दारात एक मराठी टिपण ठेवायचं आहे. पण ते टिपण तुम्ही लिहायचं नाही, आणि हीच मला तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट आहे. नव्या मुलाला पहिलं उत्तर तुम्ही देऊ नका. सहा महिन्यांपूर्वी जो स्वतः तिथेच अडला होता, त्याला देऊ द्या.

हे मी कुठून शिकले ते सांगते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मला लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मुक्त प्रणालीवर, मराठी लिहायचं होतं. अक्षरं उमटत, पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर येई. 'किती' लिहिलं की भलतंच काहीतरी दिसे. एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवर चालणाऱ्या चर्चागटात, मी प्रश्न टाकला. आज आठवला तरी कळतं की तो किती अर्धवट होता. कुठली आवृत्ती, कुठला फॉन्ट, कुठला प्रोग्राम, काहीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता, कुठल्या प्रोग्राममध्ये असं दिसतं? मी सांगितलं. मग दुसरा प्रश्न, दुसऱ्या प्रोग्राममध्येही तसंच दिसतं का? पाच-सहा पत्रं झाली. वेलांटी जागेवर आली त्या संध्याकाळी मला आनंदाने रडू फुटलं होतं. आणि मग त्याने शेवटचं पत्र लिहिलं. मला अजून दोनच महिने झालेत या सगळ्यात, तो म्हणाला, आता तुम्हाला हे जमलंय तर पुढच्या माणसासाठी लिहून ठेवा. मी चकित झाले. त्याला मी मोठा जाणकार समजत होते. मी तोडकंमोडकं लिहून ठेवलं. तीन महिन्यांनी कुणीतरी ते वाचून आभार मानणारं पत्र पाठवलं, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत मी हे काम सोडलेलं नाही.

तो माणूस माझ्यासाठी चांगला शिक्षक ठरला, कारण त्याची जखम ताजी होती. कुठे दुखतं ते त्याला आठवत होतं. तुम्हाला आणि मला ते आता आठवत नाही. ते आपल्या ज्ञानाचंच फळ आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण नव्याच्या शेजारी बसायला त्यामुळे आपण कमी लायक उरतो, हे मान्य करायला हवं.

तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला तालीम सांगायला नको. नवं पोर आखाड्यात उतरलं की वस्ताद त्याला स्वतःच्या अंगावर घेत नाही. वर्षभर आधी आलेल्या पोराबरोबर सोडतो आणि स्वतः कडेला उभा राहून बघतो. पाय कुठे पडतोय, मान कुठे जातेय. एखादा शब्द टाकतो. त्यात दोन पोरं एकाच वेळी तयार होतात, आणि दाखवता-दाखवता जुन्याचा डाव जास्त पक्का होतो. वस्तादाने रोज प्रत्येक नव्या पोराशी स्वतः झटायचं ठरवलं तर तो महिन्याभरात आडवा होईल. तुम्ही नेमकं तेच ९ वर्षं करताय.

आपल्याकडे ही पद्धत फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत थोरली मुलं धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरं गिरवून दाखवत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधल्या अनाथ मुलांच्या एका शाळेत अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री होता. त्याने मलबारी मुलांना असं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं आणि आपल्या शाळेत तेच सुरू केलं. त्याचे शिक्षक तयार नव्हते, म्हणून त्याने आठ वर्षांच्या एका मुलालाच धाकट्यांचा शिक्षक केलं. १७९७ मध्ये त्याने यावर लिहिलं आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती पुढे इंग्लंडभर पसरली. मराठी विकिपीडियावर नव्या संपादकाला बिनधास्त सराव करायला जे पान मिळतं, त्यालाही धूळपाटीच म्हणतात. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. हा शब्द तिथे कुणाला सुचला मला माहीत नाही, पण ज्याला सुचला त्याला शिकणं म्हणजे काय ते कळलं होतं. चुकलेलं हाताने पुसावं, पुन्हा लिहावं.

मग हे करायचं कसं? तुमच्या समूहात गेल्या वर्षभरात आलेली आणि टिकलेली पाच-सहा मुलं तुम्हाला नावानिशी माहीत असतीलच. त्यांना एकेकट्याला लिहा. सगळ्यांना मिळून आवाहन करू नका, त्याला कोणी उत्तर देत नाही. 'तू मार्चमध्ये फाइल उघडत नाही म्हणून अडला होतास, आता तसा प्रश्न आला तर तू बघशील का? चुकलास तर मी मागे आहे.' एवढं पुरतं. ज्याची ती जुनी अडचण तुम्हाला लक्षात आहे, तो नाही म्हणणार नाही. मग एक पथ्य तुम्ही पाळा: नवखा प्रश्न आला की अर्धा तास हात आवरा. पहिले पंधरा दिवस हे फार जड जाईल. उत्तर बोटांच्या टोकावर असताना गप्प बसणं तुमच्यासारख्या माणसाला उपासासारखं वाटतं, मला ठाऊक आहे.

ही मुलं चुकीची उत्तरंही देतील. देऊ द्या. खाली एका ओळीत दुरुस्त करा, आणि दुरुस्त करताना आधी त्याने काय बरोबर सांगितलं ते म्हणा. कारण या दुसऱ्या फळीतल्या मुलाला चारचौघांत खाली पाडलंत तर तुम्ही दोघांना गमावाल. फक्त एका ठिकाणी थांबू नका: कोणी फाइली पुसणारी आज्ञा द्यायला सांगत असेल, पासवर्ड मागत असेल, तर लगेच मध्ये पडा.

आणि उत्तर मिळालं की माणूस गायब, हेही यातच सुटेल. अडचण सुटल्यावर त्याच्याकडून आभार मागू नका, लिखाण मागा. 'काय अडलं होतं आणि कशाने सुटलं, चार ओळींत मराठीत लिहून दे, उद्या दुसरा अडेल त्याला उपयोगी पडेल.' याने आणखी एक गोष्ट साधते. आपली मुलं 'सर' म्हणतात, आणि 'सर' म्हटल्यावर 'समजलं नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही समजलं का विचारलंत की 'हो सर' येतं आणि मुलगा तसाच अंधारात परत जातो. चार ओळी लिहायला बसला की त्याला स्वतःलाच कळतं, समजलं की नाही ते. दारात ठेवायचं टिपण या चार-चार ओळींनीच भरत जाईल. त्याची भाषा ओबडधोबड असेल, तुम्ही ती घासूनपुसून गुळगुळीत करू नका. नव्या मुलाला ती आपली वाटते.

एक गोष्ट खासगी संदेशांची. तुम्हाला थेट येणारे प्रश्न आजपासून समूहात वळवा. तिथे दिलेलं उत्तर पन्नास जण वाचतात, खासगीत दिलेलं एकच जण. नाही म्हणायला संकोचू नका.

इथे मुलींबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. तुमच्या समूहात मुली नक्की असतील आणि बहुतेक गप्प असतील. मुलीच्या नावाने प्रश्न आला की उत्तराआधी दोन-चार जणांचे खासगी 'हाय' येतात, हे ज्या मुलीने एकदा अनुभवलं ती पुन्हा विचारत नाही. १९९८ मध्ये डेब रिचर्डसन यांनी लिनक्सवर काम करणाऱ्या बायकांसाठी लिनक्सचिक्स नावाचा गट काढला, त्याचे नियम दोनच होते: सभ्यपणे वागा आणि मदत करा. इतकी साधी गोष्ट नियम म्हणून सांगावी लागली, यावरून बाकीच्या ठिकाणची हवा कशी होती ते कळतं. तुमच्या पाच-सहा जणांत किमान दोन मुली असू द्या, आणि असे 'हाय' पाठवणाऱ्याला पहिल्याच तक्रारीला बाहेर काढा. तिथे ताकीद वगैरे नको.

म्हणजे मी शिस्तीच्या विरुद्ध आहे असं समजू नका. नवखे नेहमी निरागस असतात असं मी म्हणणार नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डिजिटलओशन या कंपनीचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम होता. मुक्त प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपण सुचवलेले बदल, पाठवा, टी-शर्ट मिळवा. भारतातल्या एका यूट्यूब चॅनलवर हे कसं करायचं ते दाखवलं गेलं, आणि जगभरच्या प्रकल्पांवर 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढेच दोन शब्द घातलेल्या निरर्थक बदलांचा पूर आला. बिनपगारी काम करणारे लोक दिवसचे दिवस तो कचरा बंद करत बसले. कंपनीला चार दिवसांच्या आत नियम बदलावा लागला, ज्या प्रकल्पाने स्वतःहून संमती दिली तिथलंच काम धरायचं असा. त्या पुरात आपली मुलं खूप होती आणि मला त्याची लाज वाटली. पण मला हेही दिसलं की बटणं कुठली दाबायची हे त्यांना कोणीतरी शिकवलं होतं, आणि पलीकडे रात्री नोकरीनंतर जागणारा माणूस बसलाय हे कोणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या समूहात तेही सांगावं लागेल. 'आम्ही सगळे नोकरीधंदा करून इथे येतो, उत्तराला दिवसही लागू शकतो, अर्जंट लिहू नका', हे सरळ शब्दांत दारावर लिहा. अख्खी असाइनमेंट करून मागणाऱ्याला 'तू कुठपर्यंत आलास ते दाखव, तिथून पुढे बघू' म्हणा आणि त्यापुढे हलू नका. वस्ताद कडक असतोच. तो पोराचा पाय चुकला म्हणतो, पोराच्या लायकीवर बोलत नाही. 'कष्ट तरी घ्या' हे तुमचे शब्द पायावर नव्हते, लायकीवर होते. म्हणून तो मुलगा गेला.

आपल्या हातून हे घडतं ते वाईट स्वभावामुळे नव्हे, बहुतेक वेळा संख्येमुळे घडतं. युजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या काळात दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवी मुलं यायची, त्यांना पहिल्यांदा इंटरनेट मिळायचं, गोंधळ व्हायचा. महिनाभरात जुने लोक त्यांना रीतभात शिकवून आपल्यात घ्यायचे. १९९३ पासून व्यापारी कंपन्यांनी सामान्य ग्राहकांना दार उघडलं आणि नव्यांचा ओघ थांबेचना. तो सप्टेंबर संपलाच नाही, असं जुने लोक आजही म्हणतात. इंग्रजी विकिपीडियाचंही तेच झालं. सक्रिय संपादक २००७ मध्ये सगळ्यात जास्त होते, मग घटत गेले. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात त्याचं एक कारण पुढे आलं: खोडसाळांना आवरायला यंत्रं आणि नियम आले, आणि चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांचं पहिलं कामही त्याच झाडूने साफ होऊ लागलं. ते परत आले नाहीत. जुन्यांचं प्रमाण कमी पडतं तिथे मुळातली भली माणसं झाडू हातात घेतात. हे टाळायचा मला दिसणारा एकच मार्ग आहे, कालचा नवखा लवकरात लवकर हाताशी घेणं.

'सोडू का' या तुमच्या प्रश्नाला मी टाळलेलं नाही. दोन महिने थांबा. पूर्ण थांबा, समूहाच्या सूचनाही बंद करा. थकलेला स्वयंसेवक हा त्याच्या एकट्याचा प्रश्न नसतो, हे आपल्याला २०२४ ने फार महागात शिकवलं असतं. एक्सझेड नावाचं फाइली आकुंचित करणारं छोटं साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांत असतं. ते लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस वर्षानुवर्षं फुकट सांभाळत होता. मन थकलेलं आहे, हे बिनपगारी काम आहे, असं त्याने २०२२ मध्ये उघड लिहिलंही. काही नावांनी त्याच्यावर दुसरा सांभाळणारा नेम म्हणून दबाव आणला. जिआ तान नावाने वावरणारं कुणीतरी मोठ्या चिकाटीने मदत करत होतं, हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या, आणि त्याने आत चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघड केला. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून त्याने माग काढला. मी हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त त्या थकलेल्या माणसाचं वाईट वाटलं. त्याच्या शेजारी खरी माणसं आधीच उभी असायला हवी होती. गळ्याशी आल्यावर किल्ल्या कुणाच्या हातात देऊ नयेत. अंगात बळ असताना, ओळखीच्या मुलांना पारखत-पारखत द्याव्यात. म्हणून आधी ती पाच-सहा मुलं उभी करा, त्यांना महिनाभर बघा, आणि मग सुट्टीवर जा. घरात हे असंच सांगा.

परत आल्यावर रोजचा तास नको. आठवड्यातून दोन रात्री पुष्कळ झाल्या, आणि त्याही त्या पाच-सहा जणांसाठी. ते ज्याला अडतात ते खरे अवघड प्रश्न असतात. अलीकडे तर सोपे प्रश्न मुलं चॅटबॉटला विचारतात, कारण तो कधीही वैतागत नाही. हे मला मनाला लागतं. तुमच्याकडे पोचतो तो प्रश्न आता बहुतेक वेळा यंत्राने दिलेल्या उत्तराने आणखी गुंतलेला असतो, आणि तो सोडवायला तुमची ९ वर्षं लागतात.

आणखी एक. जतचा तो मुलगा परत आला, तर टिपणातली पाथची नोंद दुसऱ्या कुणाला देऊ नका. ती त्याच्यासाठी राखून ठेवा. त्याला लिहू दे.

तुमची,
ताई